बसायची जागा : बार्सिलोनाच्या बाजारांची गोष्ट



आठवडी बाजाराला माल घेऊन जाणाऱ्या बाईला पहाटे उठल्यावर पहिली काळजी मालाची नसते, जागेची असते. मेथीच्या जुड्या बांधून झालेल्या असतात, पाटी भरलेली असते. पण झाडाखालची नेहमीची जागा आज दुसऱ्या कुणी धरली तर? उन्हात बसलं की भाजी सुकते, कोपऱ्यात बसलं की गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि पावती फाडणारा मात्र सगळीकडे सारखाच येतो. आज ज्या शहराची गोष्ट सांगणार आहे ते आपल्यापासून फार लांब, स्पेन देशात आहे. त्याचं नाव बार्सिलोना. समुद्रकाठचं मोठं बंदर आहे ते. तिथल्या बाजारांच्या आठशे वर्षांपूर्वीच्या नोंदी सापडतात, आणि त्यांचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो : कुणी कुठे बसायचं, आणि ते ठरवायचं कुणी?

बार्सिलोना स्पेनच्या ईशान्येला, कॅटलोनिया प्रांतात आहे. तिथे स्पॅनिश बोलतात आणि कॅटलान नावाची तिथली स्वतःची भाषाही बोलतात. जुन्या काळी या शहराला दगडी तट होता, मोठमोठ्या वेशी होत्या. वेशीच्या आत माल न्यायचा तर कर द्यावा लागे, आपल्याकडे नाक्यावर जकात द्यावी लागायची तसाच. मग आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी काय करत? वेशीच्या बाहेरच फळ्या मांडून बसत. १२१७ सालच्या एका नोंदीत तिथे मांस विकायला मांडलेल्या फळ्यांचा उल्लेख आहे. आज जगभर नाव झालेल्या बोकेरिया बाजाराची सुरुवात इथून धरतात. म्हणजे ज्या बाजाराचे फोटो आज पुस्तकांत छापतात, त्याचं पहिलं पाऊल कर वाचवण्यासाठी पडलं. मला यात कमीपणा वाटत नाही. दोन पैसे घरी न्यायचे तर माणूस वेशीबाहेर बसणारच.

ज्या जागेवर ते बसत ती कसली होती? पावसाळ्यात पाणी वाहणारा आणि एरवी कोरडा पडणारा वाळूचा ओढा होता तो. अशा ओढ्याला तिकडे ‘रांब्ला’ म्हणतात. वाळूसाठी जो अरबी शब्द आहे त्यातून तो आला. पुढे ओढा बुजला, त्याचा रस्ता झाला, आणि आज रांब्ला हा त्या शहरातला सगळ्यात गजबजलेला रस्ता आहे. पण शेकडो वर्षं बाजार तिथे उघड्यावरच भरत राहिला.

या काळात शहराचा जीव पावावर टांगलेला असे. आपल्याला भाकरी तसा त्यांना पाव. १७८९ साली पीक बुडालं, गव्हाचे भाव चढले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बार्सिलोनात पावाचे भावही वाढवले गेले. लोक रस्त्यावर आले. पाव जिथे भाजला जाई त्या सरकारी भट्टीला आग लागली. एक-दोन दिवसांतच भाव उतरवावे लागले, पण नंतर धरपकड झाली आणि सहा जणांना फाशी दिलं गेलं. त्या सहांत एक बाई होती, जुझेपा विलारेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातल्या बाया पाव मागत राजाच्या वाड्यावर चालून गेल्या. ती गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सगळीकडे येते. बार्सिलोनाच्या बायकांची गोष्ट तिच्या आधीची, पण ती फारशी कुणी सांगत नाही.

बाजाराला हक्काची जागा मिळाली ती मात्र आगीतून. १८३५ च्या जुलै महिन्यात शहरात मोठा दंगा उसळला. निमित्त ऐकलंत तर हसाल : बैलांचा खेळ चालू होता, बैल नीट लढले नाहीत म्हणून प्रेक्षक खवळले आणि तिथून निघालेला जमाव मठ जाळत सुटला. खरं कारण अर्थातच मोठं होतं. देशात गादीवरून यादवी चालली होती आणि मठांतले साधू लोकांच्या विरुद्ध बाजूला आहेत असा राग होता. त्या रात्री रांब्लावरचा सांत जुझेप हा मठ जळाला. मोकळ्या झालेल्या जागेवर १८४० साली, १९ मार्चला, सांत जुझेपच्या सणादिवशीच, बाजाराची पायाभरणी झाली. म्हणून बोकेरियाचं सरकारी नाव आजही सांत जुझेपचा बाजार असंच आहे. जवळच सांता कातरिना नावाचा आणखी एक मठ होता, तिथेही १८४० च्या दशकात बाजार उभा राहिला. पण ‘जागा मिळाली’ म्हणजे ‘छप्पर मिळालं’ असं नव्हे. बोकेरियावर आज दिसतं ते लोखंडी छप्पर चढलं १९१४ साली. पायाभरणीपासून मोजा : ७४ वर्षं!

१८५४ पासून शहराचा तट पाडायला सुरुवात झाली आणि वस्ती बाहेर पसरली. मग लोखंडी खांबांचे, उंच छताचे मोठे बाजार बांधायची लाटच आली. १८७६ मध्ये बॉर्न, १८८२ मध्ये सांत आन्तोनी, आणि मग एकामागून एक. धोरण असं की दर वस्तीला एक बाजार हवा, बाईला पिशवी घेऊन चालत जाता आलं पाहिजे. आज त्या शहरात पालिकेचे चाळीसच्या आसपास बाजार आहेत. युरोपातल्या कित्येक शहरांनी असे बाजार पाडून टाकले आणि मोठी दुकानं येऊ दिली. बार्सिलोनाने बहुतेक टिकवले.

आता मला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तिथे येते. या छपरांखाली ओट्यांवर बसत कोण होतं? बहुसंख्य बायका. मासळी, भाजी, अंडी-कोंबडी आणि जनावरांचं काळीज-आतडी विकणाऱ्या तर जवळपास सगळ्या बायकाच. आपल्याकडे कोळीण जशी मंडईत ठसक्यात बसते तशाच. ओट्याचा परवाना पालिका देई, त्याचं भाडं ठरलेलं असे, आणि एकदा परवाना मिळाला की तो पुढच्या पिढीकडे देता येई. कित्येक ओटे आईकडून लेकीकडे, मावशीकडून भाचीकडे गेले. पोरी ओट्याखालच्या टोपलीत झोपत आणि ओट्यावरच तराजू धरायला शिकत. शेतजमीन, घर, कारखाना या गोष्टी बाईच्या हाती क्वचित येत, पण बाजारातला दीड-दोन मीटरचा ओटा येई.

कायदा मात्र निराळंच बोलत होता. स्पेनच्या १८८५ च्या व्यापार कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला धंदा करायचा तर नवऱ्याची परवानगी लागे. मग इतक्या जणी धंदा करत कशा होत्या? त्याच कायद्यात एक खिडकी ठेवलेली होती : नवऱ्याला माहीत असताना बायको उघडपणे धंदा करत असेल तर त्याची परवानगी आहे असं धरून चालावं. म्हणजे सही नको, त्याने गप्प बसलं तरी पुरे. शिवाय कॅटलोनियात एक जुना रिवाज होता की लग्नानंतरही बायकोची मालमत्ता तिची आणि नवऱ्याची त्याची, दोन्ही वेगळ्या. या दोन फटींमधून बाजारातल्या बाईने आपला संसार उभा केला. पण फट ती फटच. नवरा उद्या ‘नाही’ म्हणाला तर कायदा त्याच्या बाजूचा. १९३९ नंतर जनरल फ्रँको याची हुकूमशाही आली तेव्हा बायकांवरचे निर्बंध आणखी आवळले. नवऱ्याच्या परवानगीची ही अट कायद्यातून गेली ती १९७५ च्या मे महिन्यात. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींचा जन्म तेव्हा झालेला होता, इतकी ती अलीकडची गोष्ट आहे. बचत गटाचं खातं बाईच्या सहीने उघडतं याचं मोल ज्यांना कळतं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ओट्याच्या आतल्या बाजूला बसणारी आणि बाहेरच्या बाजूला पिशवी घेऊन उभी राहणारी, या दोघी भावाच्या वेळी एकमेकींच्या समोर असतात. पण पोटाचा प्रश्न आला की त्याच दोघी एकत्रही येतात. १९१८ च्या जानेवारीत बार्सिलोनात हे घडलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. स्पेन त्यात उतरला नव्हता, पण व्यापारी धान्य आणि माल लढणाऱ्या देशांना चढ्या दराने विकत होते आणि घरात चूल पेटवायला कोळसा मिळत नव्हता. कडाक्याची थंडी होती. अमालिया आलेग्रे आणि तिच्यासोबतच्या बायका कोळशाच्या वखारींवर गेल्या, मग कापडगिरण्यांत शिरून कामकरणींना बाहेर बोलावू लागल्या. बाजारांत, दुकानांत ‘भाव उतरवा’ अशी मागणी घेऊन मोर्चे फिरले, गव्हर्नरच्या कचेरीवर गेले. काही आठवडे हे चाललं. शेवटी सरकारने लष्करी अंमल पुकारला. या बायकांनी नवा राजा मागितला नव्हता, नवा कायदाही नव्हे. कोळसा, पाव, तेल, बटाटा कुठल्या भावाने मिळणार एवढंच त्या विचारत होत्या.

याहून वाईट दिवस पुढे यायचे होते. १९३६ ते १९३९ स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं. बार्सिलोनावर विमानांतून बॉम्ब पडले. युद्ध संपलं, फ्रँको जिंकला, आणि १९३९ च्या मे महिन्यात देशभर रेशन लागू झालं. ते रेशन १९५२ पर्यंत चाललं. तेरा वर्षं! त्यात एक नियम होता तो ऐकून ठेवा. मोठ्या पुरुषाचा वाटा शंभर धरला तर मोठ्या बाईचा वाटा ऐंशी. दिवसभर ओट्यावर उभी राहा, मासळीच्या पेट्या उचला, रांगेत तास न् तास घालवा, तरी पाव कमी, कारण तुम्ही बाई. आपल्याकडे सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते बाईने खायचं असा घराघरांतला रिवाज आहे; तिथे तो सरकारने कागदावर आणला.

रेशनवर पोट भरत नसे. मग चोरटा बाजार आला. त्याला तिथे ‘एस्त्रापेर्लो’ म्हणत. युद्धाच्या थोडं आधी जुगाराच्या एका लबाड यंत्रावरून मोठं लाचेचं प्रकरण गाजलं होतं, त्या यंत्राचं हे नाव. पुढे ते सगळ्याच लबाडीच्या धंद्याला चिकटलं. मोठे चोर मोटारींतून गहू आणि तेल फिरवत आणि गबर झाले. छोट्या चोर होत्या खेड्यापाड्यांतल्या आणि शहरातल्या गरीब बाया, बऱ्याचशा विधवा किंवा नवरा तुरुंगात असलेल्या. परकराच्या आत पिशव्या शिवून त्यांत पीठ, शेंगदाणे, तेलाच्या बाटल्या भरायच्या आणि आगगाडीने शहर गाठायचं. स्टेशनात पोलीस झडती घेत, म्हणून स्टेशन यायच्या आधी गाडी हळू झाली की खिडकीतून पोती खाली टाकायची. रुळांशेजारी घरचं कुणीतरी थांबलेलं असे. सापडली तर माल जाई, दंड होई. मोठ्यांपैकी फार थोडे सापडले. त्या काळी बाजारात बसायची जागा असलेली बाई पुष्कळ सुखी म्हणायची, कारण तिच्याकडे निदान परवाना होता.

आता जरा खाण्याकडे वळू, नाहीतर तुम्ही म्हणाल बाजाराचं नाव काढलं आणि दुःखच सांगत बसली.

या बाजारांत काही ओटे असे आहेत की ते पाहून आपल्या गटांना कल्पना सुचाव्यात. एक ओटा शिजवलेल्या कडधान्यांचा. काबुली चणे, पांढरा घेवडा, मसूर, सगळं शिजवून, गरम, वजनावर. घरी न्यायचं, कांदा-लसणाची फोडणी द्यायची, जेवण तयार. इंधन वाचतं, वेळ वाचतो, आणि विकणारीला कच्च्या डाळीपेक्षा चार पैसे जास्त सुटतात. दुसरा ओटा खारवलेल्या कॉड माशाचा. हा मासा उत्तरेच्या थंड समुद्रांतून मिठात वाळवून येतो, लाकडासारखा कडक. तो खायचा तर एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. बाजारातली बाई ते काम आपल्याकडे घेते. भिजवून, मीठ काढून, तुकडे करून विकते. म्हणजे मासा तोच, पण विकते ती आपली मेहनत. शरद ऋतूत जंगलातल्या अळंब्यांचे ढीग लागतात. थंडीत पातीच्या कांद्यासारखे लांब कोवळे कांदे येतात. ते जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे, वरची साल ओढून काढायची आणि चटणीत बुडवून खायचे. आपल्या हुरडा पार्टीची आठवण येईल असा तो सगळा थाट असतो. आणि रोजची न्याहारी म्हणजे पावावर पिकलेला टोमॅटो चोळायचा, तेल आणि मीठ घालायचं. गरिबाच्या शिळ्या पावाचं सोनं करायची युक्ती ती.

हा टोमॅटो काही तिथला नाही. बटाटा आणि मिरचीही नाही. हे सगळं अमेरिकेतून आलं. अमेरिकेच्या पहिल्या सफरीवरून परतलेला कोलंबस १४९३ साली स्पेनच्या राजाराणीला भेटला तो बार्सिलोनातच. तिथून पुढे ही पिकं जगभर गेली, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरून आपल्या शेतात आली. ‘बटाटा’ हा आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला. तेव्हा तुमच्या पाट्यावरच्या ठेच्याचं आणि तिथल्या बाजाराचं लांबचं का होईना, पण नातं आहे.

बोकेरियाचं नाव इतकं झालं की तेच त्याच्या मुळावर येऊ लागलं. दिवसभर पाहुण्यांच्या झुंडी आत शिरतात, फोटो काढतात आणि जातात. घरासाठी कोबी आणि मासळी घ्यायला आलेल्या म्हातारीला वाट मिळत नाही. भाजीच्या ओट्यांवर हळूहळू कापलेल्या फळांचे पेले आणि रंगीत रस दिसू लागले, कारण पाहुणा कोबी घेत नाही, रस घेतो. अखेर २०१५ मध्ये पालिकेने नियम केला : शुक्रवारी आणि शनिवारी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत पंधराहून जास्त पाहुण्यांचा गट आत न्यायचा नाही. म्हणजे बाजारात बसायचं कुणी याच्यासोबत बाजारात उभं राहायचं कुणी हेही ठरवायची वेळ आली. त्या लखलखाटाच्या बाजूला एक छोटा चौक आहे, शेतकऱ्यांचा पाठीराखा संत गाल्द्रिक याच्या नावाचा. तिथे शहराजवळचे शेतकरी स्वतःच्या मळ्यातली भाजी आणून बसतात. पाटीत जे आज निघालं तेच असतं, हंगाम नसेल तर नसतं. आठशे वर्षांपूर्वी वेशीबाहेर बसणाऱ्यांचे खरे वारस मला विचाराल तर हेच.

बाजारांच्या इमारतींचीही मोठी गंमत आहे. सांता कातरिनाचा बाजार नव्याने बांधला तेव्हा त्यावर लाटांसारखं वरखाली जाणारं छप्पर घातलं आणि त्यावर ३,२५,००० षटकोनी फरश्या बसवल्या, ६७ रंगांच्या, भाजीपाल्याचे ढीग वरून पाहिल्यासारख्या. हे काम एन्रिक मिरायेस आणि बेनेदेत्ता तालियाबुए या नवराबायकोने हाती घेतलं होतं. तो २००० साली वारला. तिने ते पुढे नेलं आणि २००५ मध्ये बाजार उघडला. बॉर्नची कथा उलटी. घाऊक बाजार शहराबाहेर गेल्यावर १९७१ मध्ये तो बंद पडला, पाडायचं ठरत होतं, वस्तीतल्या लोकांनी अडवलं. पुढे तिथे ग्रंथालय करायचं म्हणून खणलं तर खाली सगळी गल्ली-वस्ती निघाली. १७१४ साली शहर वेढा पडून हरलं, त्यानंतर जिंकलेल्या राजाने किल्ला बांधायला लोकांची घरं पाडायला लावली, ती ही घरं. आता वर बाजाराचं लोखंडी छप्पर आणि खाली उजाड झालेल्या वस्तीचे जोते, असं ते २०१३ पासून लोकांना पाहायला खुलं आहे.

खाण्याच्या बाजाराला अशी छपरं मिळाली. जुन्या बाजाराचं काय झालं?

आपल्या मोठ्या शहरांत जुना बाजार भरतो ना, जुनी कपाटं, पितळी भांडी, बंद पडलेली घड्याळं, कपडे, तसा बार्सिलोनाचा बाजार म्हणजे एन्कांत्स. तोही मध्ययुगापासूनचा. नावाची गोष्ट गोड आहे. ‘एन्कांत’ म्हणजे लिलाव. लॅटिन भाषेत ‘केवढ्याला?’ असं विचारत, त्यातून तो शब्द झाला. बाजाराचं नावच ‘केवढ्याला’! आणि आपला ‘लिलाव’ हा शब्दही तिकडचाच, शेजारच्या पोर्तुगालचा. आजही सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सातच्या सुमाराला तिथे लिलाव होतो. कुणी म्हातारं माणूस गेलं, घर रिकामं झालं, की घरातलं सगळं सामान ढीग करून येतं : पलंग, चादरी, पुस्तकं, देवाच्या तसबिरी, लग्नातले फोटोसुद्धा. बोली लागते, माल घेणारा तिथेच मांडून विकायला बसतो. एका घराचं आयुष्य दुपारपर्यंत शंभर पिशव्यांतून वाटलं जातं.

या बाजाराला मात्र शतकानुशतकं कुणी स्थिर बसू दिलं नाही. शहर जिथे जिथे नटू लागलं तिथून तिथून त्याला उठवलं. १९२९ साली बार्सिलोनात मोठं जागतिक प्रदर्शन व्हायचं होतं. परदेशी पाहुण्यांना भंगार दिसू नये म्हणून १९२८ मध्ये एन्कांत्सला शहराच्या कडेच्या एका मोकळ्या मैदानात हलवलं. तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं ८५ वर्षं चाललं. धूळ, चिखल, ऊन, वर ताडपत्री. २०१३ मध्ये जवळच नवी इमारत झाली. सुमारे २५ मीटर उंच खांबांवर आरशासारखं चकाकणारं तिरकं छप्पर आहे, वर पाहिलं की खालचा सगळा बाजार उलटा दिसतो. भिंती मुद्दाम ठेवल्या नाहीत, रस्त्यावरचा बाजार रस्त्यासारखाच राहावा म्हणून.

छपराखाली आखलेले चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनाला परवाना आहे. ज्यांच्याकडे तो नाही ते आसपासच्या फुटपाथवर चादर पसरतात. कचऱ्यातून वेचलेल्या चपला, चार्जर, भांडी. त्याला लोक ‘दैन्याचा बाजार’ म्हणतात. पोलीस येतात, उठवतात, ते पुन्हा बसतात. रांब्लावर आणि बंदराकडे आणखी काही जण दिसतात, बहुतेक सेनेगलहून आलेले तरुण. त्यांच्या चादरीच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात; पोलीस दिसले की दोऱ्या ओढायच्या, चादरीचं गाठोडं होतं, खांद्यावर टाकून पळायचं. चादरीला स्पॅनिशमध्ये ‘मांता’ म्हणतात, म्हणून यांना ‘मांतेरो’ म्हणतात. २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या या मांतेरोंनी स्वतःची संघटना बांधली. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचा कपड्यांचा छाप काढला, ‘टॉप मांता’ नावाचा. ज्या चादरीवरून त्यांना उठवलं जायचं तिचंच नाव त्यांनी शर्टांवर छापलं, आणि पुढे बोकेरियापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, गल्लीतल्या एका गाळ्यात, दार असलेलं दुकान थाटलं.